पांढऱ्या घुमटाचं मस्टर

मस्टर म्हणजे काय ते गिरणीतल्या माणसाला विचारा. मस्टरवर नाव असेल तर तुम्ही कामावर होता. नसेल तर आठ तास रिंगफ्रेमपुढं उभे राहा, तुटलेले धागे जोडा, कापसाची धूळ छातीत घ्या, तरी तुम्ही तिथं नव्हताच. मी सूतगिरणीत लागलो तो ठेकेदारामार्फत. गिरणीच्या मस्टरवर माझं नाव नव्हतं, ठेकेदाराच्या वहीत होतं. गिरणी पैसे त्याला द्यायची, तो स्वतःचं काढून उरलेलं मला द्यायचा. पहिल्या पगाराला मी विचारलं, सही कुठं करू? तो म्हणाला, "सही मी केलीय." त्याचं हे बोलणं माझ्या डोक्यातनं अजून गेलेलं नाही.

शाळा माझी नववीत सुटली. पुढचं जे काय शिकलो ते रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत, वाचनालयातून आणलेल्या फाटक्या पुस्तकांतनं. असंच वाचता वाचता अमेरिकेच्या राजधानीचा इतिहास हाती आला. वॉशिंग्टन शहर कसं बांधलं त्याचा. आणि तिथं मला दोनशे वर्षांपूर्वीचं मस्टर भेटलं. काम एकाचं आणि सही दुसऱ्याची.

दोस्तांनो, आधीच सांगून टाकतो. ठेकेदारी आणि गुलामगिरी एक नव्हे. पाळी सुटल्यावर मी घरी जात होतो. मला कुणी बाजारात उभं करून विकू शकत नव्हतं, माझी पोरं माझ्यापासून तोडून दुसऱ्या गावाला धाडू शकत नव्हतं. उगीच एकात एक मिसळून आपण दोन्ही दुःखांचा अपमान करायचा नाही. पण मस्टर वाचायची नजर मला ठेकेदाराच्या वहीनं दिली. त्या नजरेनं ही इमारत वाचली तशी तुम्हाला सांगतो.

इमारत तुम्ही पाहिलेली आहे. वर्तमानपत्रात, टीव्हीवर, सिनेमात. पांढरा मोठा घुमट, खाली खांबांच्या रांगा, समोर पायऱ्याच पायऱ्या. तिचं नाव कॅपिटॉल. अमेरिकेची काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, इथं बसते. बांधकामाच्या ह्या तऱ्हेला नव-अभिजात म्हणतात. म्हणजे जुन्या ग्रीस-रोमच्या देवळांची आणि सभागृहांची नव्या काळात केलेली नक्कल. डॉरिक खांब, आयोनिक खांब, कॉरिंथियन खांब, वर त्रिकोणी कपाळपट्टी, मध्ये घुमट. राजाचं राज्य फेकून दिलेल्या लोकांना आपलं नवं लोकराज्य दगडात दाखवायचं होतं. ते म्हणाले, लोकशाही अथेन्सची, प्रजासत्ताक रोमचं, मग इमारतही तशीच पाहिजे. नावसुद्धा रोमच्या टेकडीवरून घेतलं. टेकडीच्या पायथ्याचा ओढा होता त्याला टायबर म्हणत, रोमच्या नदीचं नाव.

पण अथेन्समध्ये मत कुणाला होतं? गुलामाला नव्हतं, बाईला नव्हतं. रोमचे रस्ते, खाणी, मळे कुणाच्या पाठीवर चालत होते? गुलामांच्या. तेव्हा नक्कल करणाऱ्यांनी नुसते खांबच उचलले असं समजू नका. खांबांखालचा माणूसही उचलला.

आता हकीकत क्रमानं ऐका.

१७९० साली तिथल्या काँग्रेसनं कायदा केला की राजधानी पोटोमॅक नदीच्या काठी नवी वसवायची. जागा जॉर्ज वॉशिंग्टननं ठरवली. मेरीलँड आणि व्हर्जिनिया ह्या दोन राज्यांनी जमीन दिली. दोन्ही गुलामांची राज्यं. तंबाखूचे मळे, आणि मळ्यांत आफ्रिकेतून आणलेल्यांची लेकरं-नातवंडं. त्याच्याही आधी त्या नदीकाठी नाकोचटँक नावाचे मूळचे लोक राहत होते. सतराव्या शतकातच गोऱ्यांनी आणलेले रोग आणि बंदुका यांनी त्यांना तिथनं उठवलं होतं. म्हणजे कोऱ्या कागदावर शहर आखलं असं जे सांगतात, तो कागद कोरा नव्हता. पुसलेला होता.

आराखडा काढला पिअर शार्ल लांफां ह्या फ्रेंच माणसानं, १७९१ साली. मोठमोठे तिरपे रस्ते, चौक, टेकडीवर संसद, पलीकडं अध्यक्षाचं घर. हद्द मोजायचं काम अँड्र्यू एलिकॉट ह्या सर्व्हेअरकडं होतं. आणि त्याच्या हाताखाली, आकाशातले तारे बघून वेळ आणि जागा ठरवायला, एक काळा माणूस होता. बेंजामिन बॅनेकर. हे नाव वहीत लिहून ठेवा.

बॅनेकर गुलाम नव्हता. मेरीलँडमधला स्वतंत्र काळा शेतकरी. तंबाखू पिकवायचा. तरुणपणी त्यानं लाकडाची चाकं कोरून घड्याळ बनवलं. खगोलशास्त्र शिकला ते वयाच्या पन्नाशीनंतर, शेजाऱ्यानं दिलेली पुस्तकं आणि दुर्बीण घेऊन, एकट्यानं. ग्रहणाचं गणित स्वतः मांडलं. साठीला टेकलेला हा माणूस १७९१ च्या सुरुवातीचे काही महिने राजधानीच्या मोजणीवर होता. त्याच्याबद्दल एक दंतकथा आहे, की लांफां रागानं नकाशे घेऊन गेला आणि बॅनेकरनं सगळा आराखडा आठवणीनं परत काढला. ते खरं नाही. आपण खोटं सांगायचं नाही, आपल्याला त्याची गरज पण नाही. त्यानं जे खरोखर केलं ते दंतकथेपेक्षा मोठं आहे.

त्यानं १९ ऑगस्ट १७९१ रोजी थॉमस जेफरसनला पत्र लिहिलं. जेफरसन तेव्हा परराष्ट्रमंत्री. हाच तो, ज्यानं १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान जन्मलीत असं लिहिलं. आणि हाच तो, ज्याच्या मळ्यावर शेकडो गुलाम राबले. बॅनेकरनं त्याचंच वाक्य त्याच्यापुढं ठेवलं आणि विचारलं, तुम्ही इंग्रजांच्या जुलमाविरुद्ध हे लिहिलंत, मग माझ्या भावांना तुम्ही कसं डांबून ठेवता? सोबत स्वतःच्या हातानं लिहिलेलं पंचांग पाठवलं. जेफरसननं अकरा दिवसांत गोड उत्तर दिलं. पंचांग पॅरिसला विद्वानांकडं धाडलं. गुलाम मात्र ठेवले. पुढं १८०९ साली एका दोस्ताला पत्रात लिहिलं की बॅनेकरची बुद्धी काही विशेष नव्हती. तोंडावर कौतुक आणि पाठीमागं हे. आपल्यातला कुणी कविता घेऊन संपादकाकडं गेला असेल तर त्याला ही चाल नवी नाही.

१८०६ साली बॅनेकर वारला. त्याच्या दफनाच्याच दिवशी त्याचं घर जळालं, कागद जळाले. ते लाकडी घड्याळही गेलं.

आता बांधकाम. राजधानी बांधायला तीन कमिशनर नेमले होते. त्यांना वाटलं होतं युरोपातून कारागीर येतील. पुरेसे आले नाहीत. मग एप्रिल १७९२ मध्ये त्यांनी ठरवलं की आसपासच्या मालकांकडून काळे मजूर वर्षाच्या बोलीनं भाड्यानं घ्यायचे. बोली अशी: मालकानं कपडे आणि एक घोंगडी द्यायची, कमिशनरांनी खायला द्यायचं, आणि वर्षाला २१ पौंड मजुरी. ही मजुरी मजुराला नाही. मालकाला.

ह्यातलं एक कलम मला झोपू देत नाही. जानेवारी १७९३ मध्ये ह्याच कमिशनरांनी जेफरसनला कळवलं की भाड्याचे काळे मजूर घेतल्याचा चांगला उपयोग झाला, गोऱ्या मजुरांवर वचक बसला आणि कारभार थंडपणे चालला. म्हणजे बघा, गुलाम नुसता फुकट राबवायला नव्हता. शेजारच्या मोकळ्या मजुरानं वाढीव मजुरी मागू नये म्हणूनही तो तिथं उभा केलेला होता. गिरणीतल्या माणसाला हे समजवायला मार्क्स लागत नाही. कायम कामगारानं तोंड उघडलं की मालक गेटकडं बोट दाखवतो, बाहेर बदलीवाले उभेच आहेत. मग कायमवाला मालकावर चिडायचं सोडून बदलीवाल्यावर चिडतो. तिथं त्या चिडण्याला रंग होता. आपल्याकडं त्याला जात असते.

काम काय होतं? आधी जंगल तोडायचं, बुंधे उपटायचे, रस्ते मोकळे करायचे. मग जागेवरच माती तुडवून विटा पाडायच्या, भट्ट्या लावायच्या. लाकूड कापायला खड्डा खणायचा, त्यावर ओंडका आडवा टाकायचा. एक माणूस वर, एक खाली खड्ड्यात, आणि मधे लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत, तोंडात दिवसभर भुसा. दगड यायचा अक्विया क्रीकच्या खाणीतून, नदीनं चाळीसेक मैल खालून, व्हर्जिनियातनं. वालुकाश्म. गुलामांनी फोडायचा, होडीत चढवायचा, धक्क्यावर उतरवायचा, टेकडीवर ओढायचा. तो दगड मऊ. पाणी पितो आणि थंडीत तडकतो. म्हणून अध्यक्षाच्या घराला १७९८ मध्ये चुन्याची सफेदी मारली. पुढं त्या घराला व्हाईट हाऊस म्हणू लागले. घर दगडाचं, पांढरेपणा वरून मारलेला.

त्या घराचा नकाशा जेम्स होबन ह्या आयरिश माणसाचा. पायाचा दगड बसला १३ ऑक्टोबर १७९२ रोजी. होबनचे स्वतःचे गुलाम सुतार कामावर होते. १७९५ च्या पगारपत्रकात त्यांची नावं आहेत: टॉम, पीटर, बेन, हॅरी. आणि डॅनियल, हा दुसऱ्या एका सुताराचा. आडनाव नाही. नाव, कामाचे दिवस, रक्कम. आणि रक्कम उचलणारा मालक. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटवून बसलो. "सही मी केलीय."

कॅपिटॉलचा नकाशा विल्यम थॉर्नटनचा. हा धंद्यानं डॉक्टर, इमारत बांधायचं शिक्षण काही नाही. मुदत उलटून गेल्यावर नकाशा दिला तरी पसंत पडला. बक्षीस ५०० डॉलर आणि शहरात एक भूखंड. मधला घुमट रोमच्या पँथिऑनवरून घेतलेला. थॉर्नटन वेस्ट इंडीजमधल्या टॉर्टोला बेटाचा. घरचा उसाचा मळा, मळ्यात गुलाम. गुलामगिरी वाईट असं तो बोलायचा आणि मळ्याचं उत्पन्नही खायचा. १८ सप्टेंबर १७९३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टननं पायाचा दगड बसवला. मिरवणूक, बँड, तोफा. दगड बसवणाऱ्याचं नाव प्रत्येक पुस्तकात आहे.

आणि फोडणाऱ्यांचं? ते शोधायला दोनशे वर्षं गेली. २००५ साली कॅपिटॉलच्याच इतिहासकारानं, विल्यम ॲलननं, अहवाल लिहिला. १७९५ ते १८०१ ह्या काळात गुलाममालकांना मजुरांच्या भाड्यापोटी पैसे दिल्याच्या ३८५ नोंदी सापडल्या. हे कागद कुणी लपवले नव्हते. हिशेबाच्या कागदांत होते, जपून ठेवलेले. मालकाला पैसे दिल्याची पावती मालक कधी हरवू देत नाही. आपल्या इतिहासाची पुष्कळ पानं शत्रूच्या जमाखर्चात सुरक्षित आहेत, एवढं ह्यातून शिका.

नोव्हेंबर १८०० मध्ये काँग्रेस तिथं राहायला आली. १८१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज फौजेनं कॅपिटॉल आणि अध्यक्षाचं घर दोन्ही जाळलं. परत बांधलं. परत तेच हात. लॅट्रोब नावाच्या वास्तुशिल्पकारानं ग्रीक खांबांना थोडं अमेरिकन रूप दिलं. एका दालनात खांबांच्या डोक्यावर मक्याची कणसं कोरवली, दुसरीकडं तंबाखूची पानं. कौतुकानं सांगतात ते, की बघा, आपल्या मातीतलं पीक आम्ही दगडात आणलं. तंबाखूच्या शेतात कोण वाकत होतं ते पानांवर कोरता येत नाही.

आत भाषणं चालली होती स्वातंत्र्याची. बाहेर काय होतं? कॅपिटॉलवरून साखळीनं बांधलेल्या गुलामांच्या रांगा हिंडत होत्या, दक्षिणेला विकायला. समोरच्या मैदानाच्या कडेला विल्यम्सचा कोंडवाडा होता. पिवळ्या रंगाचं विटांचं घर, बाहेरून साधं, तळघरात बेड्या. १८४१ मध्ये सॉलोमन नॉर्थप ह्या न्यूयॉर्कच्या स्वतंत्र काळ्या माणसाला फसवून, दारूत काहीतरी पाजून तिथं डांबलं. शुद्धीवर आला तेव्हा हातापायांत बेड्या. कोंडवाड्याजवळून कॅपिटॉलचा घुमट दिसत होता. त्याला बारा वर्षं गुलाम म्हणून राबवलं. सुटल्यावर १८५३ मध्ये त्यानं पुस्तक लिहिलं, म्हणून हे आपल्याला माहीत. ज्यांनी लिहिलं नाही ते किती असतील त्याचा हिशेब तुम्हीच मनात करा.

गुलामगिरीविरुद्ध लोक अर्ज पाठवत होते. १८३६ पासून १८४४ पर्यंत त्याच कॅपिटॉलमध्ये नियम होता की असे अर्ज वाचायचेच नाहीत, चर्चा करायची नाही, बाजूला टाकायचे. गुलामांची खरेदी-विक्री राजधानीत बंद झाली १८५० साली. गुलाम ठेवणं चालूच राहिलं.

आता घुमट. देश वाढला, सभासद वाढले, इमारत मोठी केली. जुना घुमट लहान दिसायला लागला. मग थॉमस वॉल्टरनं नवा आखला. १८५५ ते १८६६. हा घुमट दगडाचा नाही बरं का, बिडाचा आहे. जवळजवळ ८९ लाख पौंड लोखंड, म्हणजे चार हजार टनांच्या आसपास. दगड वाटावा म्हणून वरून पांढरा रंग दिलेला. त्याच्या शेंड्यावर एक पुतळा बसवायचा ठरला. पुतळा कुणाचा? स्वातंत्र्याचा. बाईच्या रूपात.

शिल्पकार थॉमस क्रॉफर्ड रोममध्ये बसून नमुना करत होता. त्यानं तिच्या डोक्यावर एक मऊ टोपी दाखवली. जुन्या रोममध्ये गुलाम मुक्त झाला की त्याला ती टोपी मिळायची. म्हणून ती मुक्तीची खूण. बांधकामाचं खातं तेव्हा युद्धमंत्री जेफरसन डेव्हिसकडं होतं. मिसिसिपीचा कापसाचा मळेवाला, गुलामांचा मालक. त्यानं टोपीला हरकत घेतली. म्हणणं असं, की ही टोपी सुटलेल्या गुलामाची, आमचे लोक जन्मानंच स्वतंत्र आहेत, आम्हाला ती शोभत नाही. टोपी गेली. तिथं शिरस्त्राण आलं, गरुडाचं डोकं आणि पिसं लावलेलं. पुढं १८६१ साली गुलामांची राज्यं फुटून निघाली तेव्हा त्यांचा अध्यक्ष हाच डेव्हिस झाला. ग्रीस-रोमच्या खुणा हव्यात म्हणणाऱ्यांना त्यातली एक खूण नको होती. ज्या खुणेत गुलाम सुटतो, नेमकी तीच.

पुतळा काशाचा ओतायचा होता. काम मिळालं क्लार्क मिल्सच्या फाउंड्रीला. त्या फाउंड्रीत फिलिप रीड नावाचा गुलाम होता. मिल्सनं त्याला चार्ल्सटनमध्ये तरुण वयात विकत घेतलेला, १२०० डॉलरला. रोमहून आलेला प्लास्टरचा नमुना पाच तुकड्यांचा. एका इटालियन कारागिरानं तो जोडून सांधे बुजवून टाकले होते. ओतकामासाठी परत सुटा करायची वेळ आली तेव्हा तो अडून बसला, जादा पैसे द्या तर सांधे दाखवतो. तेव्हा रीडनं डोकं चालवलं अशी हकीकत मिल्सच्या मुलानं सांगितलेली आहे. रीडनं पुतळ्याच्या डोक्याला दोर बांधला, कप्पीनं हळूहळू वर ओढला. वजन वर गेलं तसे सांधे उघडे पडले, आतले बोल्ट कुठं आहेत ते दिसलं. एकेक तुकडा सुटा झाला.

पुढं ओतकामात तो साच्यांखालचा जाळ सांभाळत होता. जुलै १८६० ते मे १८६१ ह्या काळातलं त्याचं बिल शिल्लक आहे. दिवसाचा भाव सव्वा डॉलर. सोमवार ते शनिवारचे पैसे मिल्सला. रविवारचे तेवढे त्याला. ३३ रविवारांचे ४१ डॉलर २५ सेंट. खाली सहीच्या जागी फुली. ह्या सगळ्या कागदांत मला ही फुली सगळ्यात मोठी वाटते. सात दिवसांपैकी एक दिवस त्याची खूण त्याच्या कामापुढं पडली.

१६ एप्रिल १८६२ रोजी राजधानीतली गुलामगिरी कायद्यानं संपली. तीन हजारांवर माणसं सुटली. भरपाई दिली सरकारनं. कुणाला? मालकाला. डोक्यामागं जास्तीत जास्त तीनशे डॉलरच्या सरासरीनं. किंमत ठरवायला बाल्टिमोरच्या एका गुलाम-व्यापाऱ्यालाच बोलावलं होतं, कारण भाव त्यालाच ठाऊक. सुटलेल्या माणसाला काय? देश सोडून हैती नाहीतर लायबेरियाला जाणार असेल तर शंभर डॉलरपर्यंत. इथंच राहणार असेल तर काही नाही. मिल्सनं रीडपोटी १५०० डॉलर मागितले. अर्जात लिहिलं, दिसायला साधारण, पण डोक्यानं तल्लख, फाउंड्रीत चांगला कामगार. त्याला ३५० डॉलर ४० सेंट मिळाले. रीडला स्वतःचा देह मिळाला. गुलाम असताना कागदावर त्याच्या आडनावाची अक्षरं एक तऱ्हेनं लिहीत. सुटल्यावर ती दुसऱ्या तऱ्हेनं लिहिली जाऊ लागली.

२ डिसेंबर १८६३ रोजी पुतळ्याचा शेवटचा तुकडा घुमटावर चढला. ३५ तोफा डागल्या, भोवतालच्या १२ किल्ल्यांनी उत्तर दिलं. उंची साडेएकोणीस फूट, वजन पंधरा हजार पौंडांच्या घरात. त्या दिवशी फिलिप रीड स्वतंत्र माणूस होता.

इथं गोष्ट संपवली तर गोड होईल. पण खांब उभे करणं थांबलं नाही आणि खांबांखालची हद्दही पुसली नाही. १९२२ साली लिंकनचं स्मारक झालं. हेन्री बेकननं केलेलं ग्रीक देऊळ, भोवती ३६ डॉरिक खांब. गुलामांना सोडवणाऱ्याचं स्मारक. ३० मे ला उद्घाटन झालं आणि काळ्या पाहुण्यांना बसायला वेगळी जागा, दूर, दोर लावून. टस्कगी संस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन हे काळे गृहस्थ भाषणाला होते. त्यांचं भाषण आधी मागवून घेतलं आणि त्यातली टोचणारी वाक्यं काढायला लावली.

पण दोस्तांनो, इमारत कुणी कशासाठी बांधली तेवढंच तिचं नशीब नसतं. १९३९ साली मेरियन अँडरसन ह्या काळ्या गायिकेला शहरातलं मोठं सभागृह नाकारलं. ती ९ एप्रिलला लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून गायली. समोर पंचाहत्तर हजार माणसं, काळी-गोरी मिसळून. २८ ऑगस्ट १९६३ रोजी त्याच पायऱ्यांवर मार्टिन ल्यूथर किंग उभा राहिला, समोर अडीच लाख. पायऱ्या त्याच. १९२२ साली दोर लावून ज्यांना मागं बसवलं त्यांच्याच लेकरांनी पुढं येऊन माईक घेतला.

२००८ साली कॅपिटॉलखाली पाहुण्यांसाठी नवं दालन झालं. त्याला मुक्तीचं दालन असं नाव दिलं. रीडनं सांधे सोडवलेला प्लास्टरचा नमुना तिथं उभा आहे. २०१२ साली तिथं एक दगड बसवला, अक्विया क्रीकचाच, जुन्या बांधकामातून काढलेला. गुलामांनी ही इमारत बांधली ह्याची नोंद त्याच्याजवळ आहे. पायाच्या दगडापासून ह्या दगडापर्यंत २१९ वर्षं.

आणि भांडण अजून चालू आहे. डिसेंबर २०२० मध्ये अध्यक्ष ट्रम्पनं हुकूम काढला की सरकारी इमारती ग्रीक-रोमन घाटाच्याच पसंत कराव्यात, सुंदर तेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडेननं तो रद्द केला. २०२५ मध्ये ट्रम्पनं पुन्हा तसाच काढला. सुंदर कशाला म्हणायचं हेही सत्तेच्या हातात हवं असतं. आपल्या भाषेला अशुद्ध म्हणणारे आणि हे हुकूम काढणारे मला लांबचे वाटत नाहीत.

आता कुणी म्हणेल, हे सगळं सातासमुद्रापलीकडचं, आपला संबंध काय? संबंध आहे, आणि जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं. पुतळा घुमटावर चढून तेव्हा दहा वर्षं झाली होती. जोतीराव स्वतः बांधकामाची ठेकेदारी केलेले. दगड कोण फोडतो आणि बिल कोण काढतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉईस ह्या काळ्या विद्वानाला पत्र लिहिलं, तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाच्या प्रती पाठवा म्हणून. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते कुठनं घेतलं हे वेगळं सांगायला नको. आणि कापूस. तिकडं १८६१ ते १८६५ युद्ध चाललं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेचा कापूस अडवला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना आपल्या इकडचा कापूस लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. राजाबाई टॉवरला देणगी देणारा प्रेमचंद रायचंद कापसाचाच राजा. तिथला गुलाम आणि इथला शेतकरी एकाच धाग्यानं बांधलेले होते. दोघांनाही ते ठाऊक नव्हतं.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेब घटना समितीत बोलले, की राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता अशा विसंगतीच्या जगण्यात आपण पाऊल टाकतोय. ते बोलले तीही खांबांचीच इमारत, बाहेर गोलाकार १४४ खांब. कॅपिटॉलमध्ये ही विसंगती दगडात बांधलेली आहे. खांबावर समता, खाणीत गुलाम. म्हणून ती इमारत पाडा असं मी म्हणत नाही. ती टॉम, पीटर, बेन, हॅरी, डॅनियल आणि फिलिप रीड यांची आहे. आपलीच इमारत आपण का पाडायची? कागद बाहेर काढायचे आणि नावं लावायची.

मुंबईतल्या पोरांनी एक काम करावं. फोर्टमध्ये एशियाटिकच्या पायऱ्यांवर आपण बसतो, सभा करतो, कविता वाचतो. तो जुना टाऊन हॉल, १८३३ चा, डॉरिक खांबांचा. खांब उभे करणारे, पायऱ्यांचे दगड वाहणारे, चुना मळणारे कोण होते, कुठल्या वस्तीतनं यायचे, रोज किती मिळायचा, आणि पैसे कुणाच्या हातात पडायचे? जुन्या सरकारी दप्तरात जा. अर्ज करा, हाकललं तर परत जा. कमिशनरांचा जमाखर्च जसा राहिला तसा कंपनी सरकारचाही कुठंतरी राहिला असेल. प्रत्येक गावात एखादा वाडा आहे, धरण आहे, पूल आहे, कोर्ट आहे. उद्घाटनाची पाटी वाचून परत येऊ नका. मस्टर मागा.

माझं सांगायचं तर, परवा मी ठेकेदाराला पुन्हा विचारलं, सही कुठं करायची. तो चिडला. शेजारच्या फ्रेमवरच्या दोघांनी ऐकलं. आता आम्ही तिघं मिळून विचारणार आहोत.